काळ्या पेनावरच्या तीन जागा

आमच्याकडे ज्वारीची काढणी आणि दहावी-बारावीची परीक्षा एकाच वेळी येतात. एकीकडे मजूर मिळत नाहीत, दुसरीकडे पोरांना झोप मिळत नाही. सकाळी हवेत थोडा गारवा असतो आणि दुपारी रस्ता तव्यासारखा तापतो. करडई वाळून काट्यावर आलेली असते आणि बायका हाताला फडकी गुंडाळून तिच्यात शिरतात. पानगळीचा पाचोळा येरमाळ्याच्या स्टँडवर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात फिरत राहतो. झाडणारा झाडून गेला की पुन्हा येतो.

मी या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. आयुष्यभर गाड्या पुकारल्या. मोसम मला आभाळाकडे बघून कधी कळला नाही, उतारूंच्या हातातल्या वस्तूंवरून कळला. पिशव्यांतून नारळ दिसायला लागले की देवीची यात्रा, बोचक्यांतून कोयते डोकवायला लागले की ऊसतोड. आणि पोरी छातीशी पॅड धरून, डोळे मिटून ओठ हलवायला लागल्या की परीक्षा. त्यांना गाडीचा पुकारा ऐकूच जायचा नाही. माइक ठेवून मला खाली उतरावं लागायचं, "अगं, तुझी गाडी लागलीय, इतिहास नंतर आठव," म्हणून सांगायला.

आता निवृत्त झालो. तरी यंदाचं पहिलं पॅड रस्त्यात दिसलं आणि पाय घराकडे वळले. हा मंगलचा मोसम. मंगल माझी बायको. इथल्याच शाळेत मराठी शिकवायची. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत गेली, होळीच्या आधी. पोटाचं दुखणं निघालं, ते कळेपर्यंत उशीर झाला होता आणि कळल्यावर फार वेळ लागला नाही. दवाखान्यात पडल्या पडल्या विचारत होती, "पोरींचा मराठीचा पेपर कसा गेला?" मी म्हटलं, सोपा गेला म्हणतात. मी कुणालाच विचारलं नव्हतं.

तिचं एक पेन आहे. शाईचं, काळंभोर आणि बिनझिलईचं.

ते आम्ही सोलापूरला घेतलं. लग्नाच्या कसल्याशा खरेदीला गेलो होतो, लग्न दुसऱ्याच कुणाचं तरी होतं. बाकीचे साड्यांच्या दुकानात बसले आणि ही मला ओढत पेनांच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदारानं काचेवर मखमल पसरली आणि एकेक पेन मांडायला सुरुवात केली. सोनेरी टोपणाची, लाल संगमरवरी, निळी, मोरपंखी. नवरीचे दागिनेच जणू. मंगल म्हणाली, "ती मागची काळी द्या." दुकानदाराचं तोंड जरा पडलं. म्हणाला, "मॅडम, हे मॅट आहे. चमकत नाही." ही म्हणाली, "म्हणूनच."

मला त्यात काय आहे ते कळेना. नुसती काळी कांडी. कडक रबराची, खालपासून वरपर्यंत एकच रंग, ना पट्टी ना नक्षी. उजेडात धरली तरी उजेड परत द्यायला तयार नाही. मी म्हटलं, "एवढ्या लांब येऊन कोळसा घेतलास?" ती बसमध्ये खिडकीशी बसून पेन बोटांत फिरवत होती. म्हणाली, "चमकणाऱ्या पेनात आपलंच तोंड दिसतं. लिहिताना कशाला हवं?" मग बऱ्याच वेळानं म्हणाली, "आणि हे हातात घेतलं की थंड लागत नाही. बघा." मी बघितलं. खरंच लागत नव्हतं. स्टीलचं पेन परक्यासारखं गार असतं, हे लगेच हाताच्या उबेला यायचं. उन्हाळ्यात दुपारी त्याला सायकलच्या ट्यूबसारखा बारीक वास यायचा. तो वास तिच्या बोटांना असायचा, आणि जेवताना मी त्यावरून तिला चिडवायचो, की पंक्चर काढून आलीस काय.

तिच्याबरोबर इतकी वर्षं काढल्यावर मला त्या काळेपणाची गोडी लागली. आमच्या रानाची माती काळी, तवा काळा, तिचा फळा काळा. खूप वापरायच्या वस्तूंना आपल्याकडे काळाच रंग असतो. पेन टेबलावर पडलेलं असलं की आधी दिसायचंच नाही. दिसलं की मग दुसरं काही दिसायचं नाही. दिमाख नसलेल्या वस्तूत एक ओढ असते. ती आपल्याला बोलावत नाही आणि आपण जातो. हे पेनाबद्दल लिहितोय असं मला वाटतंय, पण मंगलबद्दलच लिहितोय हे तुम्ही ओळखलं असेल.

ती पेन विचित्र धरायची. आपण अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धरतो. ती अंगठा पार पलीकडे नेऊन पहिल्या बोटावर टाकायची. खुरपं धरावं तसं. शाळेत असताना त्यावरून मार खाल्ला म्हणे, पण सवय सुटली नाही, कारण ती बापानं लावली होती. तिचे वडील माकणीचे. स्वतः दुसरीतून शाळा सोडलेले, पण लेकीला शाळेत घालायच्या आधी त्यांनीच बांधावर बसून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली. हातात आयुष्यभर खुरपं, म्हणून पेन्सिलही तशीच धरली आणि लेकीनंही तशीच उचलली. पुढं ती बाई झाली, शेकडो पोरांची अक्षरं वळणावर आणली, पण स्वतःची मूठ तीच राहिली.

बिनझिलईच्या वस्तूचं एक असतं. ती चमकत नाही, पण जिथं हात लागतो तिथं हळूहळू चमकायला लागते. वर्षं गेली तसं त्या पेनावर तीन जागी तेज चढलं. एक पहिल्या बोटाची जागा, एक खाली मधल्या बोटाची, आणि तिसरी अंगठ्याची, पार आडवी, जिथं दुसऱ्या कुणाचा अंगठा गेलाच नसता. बाकी सगळं पेन पहिल्यासारखं मुकं काळं. निबही तिच्या हाताला झिजली होती, एका अंगावर. तिचं पेन तिच्याशिवाय कुणाला चालायचं नाही. एकदा गडबडीत मी त्यानं सही करायला गेलो तर कागदावर मांजरानं ओरखडावं तसा आवाज आला. ती स्वयंपाकघरातून ओरडली, "ठेवा ते! निब फिरंल!" बोलता बोलता चिडली की तिचं माकणी बाहेर यायचं.

पेपराच्या आदल्या दिवशी मात्र ते पेन सगळ्या गावाचं व्हायचं. पोरी पॅड घेऊन आमच्या दारात रांग लावायच्या. पॅडच्या वरच्या कोपऱ्यात बाईंच्या पेनानं 'श्री' लिहून घ्यायचा, मग पेपर अवघड जात नाही, असा पक्का समज. कुणी पाडला माहीत नाही. मंगलचा देवावर बेताचाच विश्वास. पण ती प्रत्येकीचं पॅड मांडीवर घ्यायची, 'श्री' लिहायची, शाई वाळायला फुंकर घालायची आणि दम द्यायची, "ह्याच्यापुढं एक अक्षर लिहायचं नाही. नाहीतर कॉपी म्हणून धरतील आणि माझं नाव सांगाल." मुलं यायची तीही मागं उभी राहायची, लाजत. आम्हाला मूल झालं नाही. त्या संध्याकाळी मात्र आमच्या अंगणात चपला ठेवायला जागा नसायची.

मूल झालं नाही, त्याचं एक वेगळंच ओझं तिच्या वडिलांनी वाहिलं. मी त्यांना मामा म्हणतो. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी जेवू नये, पाणी पिऊ नये, ही त्यांच्या वेळची रीत. मामांनी ती मोडली नाही. भेटीला यायचे ते घरी न येता स्टँडवर. फडक्यात भाकरी आणि चटणी, बरोबर तांब्या. बाकड्यावर बसून जेवायचे, आणि मंगल शाळा सुटल्यावर धावत जाऊन त्यांच्याजवळ बसायची. त्यांच्या भाकरीतली अर्धी भाकरी खायची. मी वरून माइकवर बसलेला, खाली ही दोघं. ती चिडायची, "दादा, माझं घर समोर आहे. किती दिवस असं भिकाऱ्यासारखं बसायचं?" मामा म्हणायचे, "हुईल की. लेकरू हुईल, मंग मुक्कामालाच येतो. जा म्हनलं तरी जायाचा न्हाय." दोघंही हसायची. नंतर नंतर ती दोघं त्यावर बोलेनाशी झाली, पण भाकरीचं फडकं काही सुटलं नाही.

ती गेली त्यानंतर तेरावा उरकला, पाहुणे पांगले. मामांची दोन मुलं माकणीला न्यायला आली होती, तर मामा म्हणाले, "तुमी व्हा म्होरं." स्वयंपाकघरात गेले, माठातून तांब्या भरला आणि उभ्या उभ्या पाणी प्याले. घटाघटा, फार दिवसांचे तहानलेले असल्यासारखे. मग भिंतीला टेकून खाली बसले आणि मला म्हणाले, "जावईबापू, आता काय पाळायचं?"

तेव्हापासून मामा माझ्याकडेच आहेत. दोन म्हातारे एका घरात. सकाळी चहा ते करतात, भाजी मी आणतो. आम्ही पावसाबद्दल बोलतो, धरणातल्या पाण्याबद्दल बोलतो, समोरच्याच्या म्हशीबद्दल बोलतो. मंगलबद्दल बोलत नाही. तिचा विषय निघाला तर दोघांपैकी कुणीतरी आधी रडेल आणि मग दुसऱ्यानं काय करायचं, हे आम्हाला ठाऊक नाही.

मी पेन टेबलाच्या खणात ठेवलं होतं. संध्याकाळी मामा देवळात गेले की मी ते काढायचो. लिहायचो नाही. शाईही भरली नव्हती. नुसतं हातात घेऊन त्या तीन जागांवर माझी बोटं ठेवायचो. डोळे मिटले तरी त्या जागा सापडायच्या, बाकीचं पेन किंचित खरबरीत आणि त्या जागा गुळगुळीत. माझं बोट तिच्या बोटाच्या जागेवर. अंगठ्याची ती आडवी जागा गाठताना हात वाकडा करावा लागायचा. शहाणी माणसं हसतील, पण मी तिचा हात धरून बसलेला असायचो. फोटो आहेत तिचे, साड्याही आहेत. फोटोत ती फोटोसाठी हसते आणि साड्यांना आता डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. हात मात्र त्या पेनावरच उरला होता. म्हणून मी ते कुणाला दाखवलंसुद्धा नाही. माझ्याही हाताची झिलई त्यावर चढेल या भीतीनं फार वेळ धरायचो नाही.

गेल्या वर्षी पेपराच्या आधी पोरी आल्या होत्या. "काका, बाईंच्या पेनानं तुम्ही लिहून द्या ना श्री." मी म्हटलं, पेन सापडत नाही. त्या चपला घालून गेल्या. त्या संध्याकाळी अंगण मोकळं राहिलं.

यंदा पोरी आल्या तेव्हा मी दळण आणायला गेलो होतो. दारात मामा होते. त्यांनी कुणालाही न विचारता सांगून टाकलं, "या परवा समद्या. देतो की. माझ्या लेकीचं प्यान हाय, कुटं जातंय?" मला नंतर सांगितलं. मी मनात म्हटलं, एक 'श्री' लिहिल्यानं काय होतंय, संध्याकाळपुरतं काढू आणि परत ठेवू.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पडलो होतो, आणि मामा अंगणात लिंबाखाली बसून काहीतरी घासत होते. मला वाटलं विळा असेल. काढणीचे दिवस आले की त्यांना स्वस्थ बसवत नाही. रान नाही, पीक नाही, तरी कुणाच्या तरी विळ्याला धार लावतात, कुऱ्हाडीच्या दांड्याला करडीचं तेल पाजतात. पडून राहिलेलं औत भुरकट पडतं, त्याला तेल दाखवावं, ही त्यांची शिकवण. मी कूस बदलली.

चहाच्या वेळेला त्यांनी धोतराच्या सोग्यातून पेन काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

पेन चमकत होतं. वरपासून खालपर्यंत, नव्या चपलेसारखं. त्यात खिडकी दिसत होती आणि खिडकीपुढं माझं तोंड.

"बगा," मामा म्हणाले. त्यांचा चेहरा मी कित्येक दिवसांत इतका उजळ पाहिला नव्हता. "खनात पडून पार मळकटलं व्हतं. आदी गवरीची राख लावली, वस्त्रगाळ. मग करडीचं तेल. हितं, हितं आन् हितं तीन चट्टे पडले व्हते, हाताला लागले का तुमाला? त्ये काय केल्या जाईनात. मंग म्हनलं आपन समदंच घासून त्येंच्या बरोबरीला आनू. लई घासावं लागलं. पर आता वळकून दाखवा कुटं व्हते!"

मी पेन हातात घेतलं. बोटं फिरवली. सगळीकडे सारखंच गुळगुळीत होतं.

"तिची वस्तू हाय," मामा म्हणाले. "पोरींम्होरं तशी कळाहीन कशी न्ह्यायची? मंगल काय म्हनली असती?"

मी म्हटलं, "छान झालंय, मामा." आणि मोरीत जाऊन नळ मोठा सोडला आणि रडलो. ती गेली त्या दिवशी माणसं होती, सामान होतं, गाडी ठरवायची होती, तेव्हा इतकं रडलो नव्हतो. आता दुसऱ्यांदा गेली आणि ह्या वेळी कुणाला सांगायचीही सोय नव्हती. मामांना काय सांगू? लेकीची बोटं बापानंच पुसली, त्याच हातांनी, जीव ओतून, दुपारच्या उन्हात घाम गाळत? आयुष्यभर तिच्या घरचा घोट न घेतलेल्या माणसाला आता तिच्यासाठी करायला एवढंच सापडलं होतं. ते माझ्या तोंडातून कधीच बाहेर पडणार नाही. मामांना वाचायला बेताचं येतं आणि हल्ली जवळचं दिसतही नाही, म्हणून इथं लिहितोय.

राग आला नाही असं म्हणणार नाही. रात्री जेवताना ताट आदळलं. मामांनी विचारलं, "मीठ जास्त पडलं का?" मी म्हटलं, नाही.

पेपराच्या आदल्या संध्याकाळी पोरी आल्या. अंगण चपलांनी भरलं. मामांनी सतरंजी टाकली, मी पेनात शाई भरली. इतके दिवस कोरडं राहिलेलं, निब धुवावी लागली. पहिली पोर पुढं आली, तिचं पॅड मांडीवर घेतलं आणि लिहायला गेलो तर तोच आवाज, मांजराच्या ओरखड्याचा. शाई उतरेना. पुन्हा टेकवली, पुन्हा ओरखडा. पोरीचा चेहरा उतरला. परीक्षेच्या आदल्या दिवशी बाईंचं पेन चालत नाही म्हणजे काय, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. मागच्या पोरी कुजबुजायला लागल्या.

मी पेन तिरकं केलं. उभं केलं. उलटं करून बघितलं. काही केल्या निब रेघ सोडेना. मग हात आपोआप गेला असेल, की दोन वर्षं रोज संध्याकाळी गिरवलेलं होतं म्हणून असेल, अंगठा पलीकडे नेला आणि पहिल्या बोटावर आडवा टाकला. मनगट वाकडं झालं. आणि निब वळली. एका अंगावर झिजलेली तिची कड कागदाला टेकावी तशी पॅडला टेकली आणि शाई उतरली. निळी, ओली, एकसंध. 'श्री' झाला.

पोर म्हणाली, "काका, फुंकर घाला. बाई घालायच्या."

मी फुंकर घातली. कशी घातली ते माझं मला माहीत.

एकामागून एक पॅड आलं. अंगठा भरून आला, मनगटात कळ निघाली, पण मूठ सोडली तर पेन बंद पडणार हे कळून चुकलं होतं. मामा उंबऱ्यात बसून बघत होते. सगळ्या पोरी गेल्या, शेवटची चप्पल फाटकाबाहेर वाजली, तेव्हा ते पुढं सरकले. त्यांना लांबचं दिसतं, जवळचं दिसत नाही. तरी माझ्या हाताकडे टक लावून बघत राहिले.

"खुरप्यावानी धरलंय की ओ तुमी," म्हणाले. "तिच्यावानी."

मग टोपी काढून तोंडावर धरली. दोन वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरात तिचा विषय निघाला होता, आणि आधी कोण रडलं ते मला सांगता येणार नाही. मला फक्त एवढं आठवतं, की दुसऱ्यानं काय करायचं ते कुणाला शिकवावं लागलं नाही. मामा रडता रडता पाटीची गोष्ट सांगत होते, बांधावरची, आणि हवेत बोट धरून 'श्री' काढून दाखवत होते. अंगठा आडवा.

पेनावरच्या त्या तीन जागा गेल्या त्या गेल्याच. हल्ली संध्याकाळी पेन हातात घेतलं की बोटं त्या शोधतात, घसरतात, पुन्हा शोधतात. मी रोज विसरतो आणि रोज मला नव्यानं कळतं. चमकणाऱ्या वस्तूवर कुणाचीच खूण राहत नाही, पुसली की गेली. मंगलला चमकणारं पेन का नको होतं, ते आता कळून उपयोग नाही.

निब तेवढी उरली आहे. तीही मी माझ्या पद्धतीनं चालवत राहिलो तर माझ्या हाताला फिरेल. कधीतरी एखाद्या साली पेन माझ्या चिमटीतही सरळ चालायला लागेल, आणि पोरी म्हणतील, काका, मस्त चालतंय. मला ते मस्त चालायला नको आहे. म्हणून हा लेख लिहितानासुद्धा पेन तिच्याच मुठीत धरलं आहे. अंगठा दुखतोय. दुखू दे.